धुऱ्याची चौकट

"मॅडम, गाडी भिंतीले टेकवू नका. धुरा ठेवा."

दिग्रसच्या माझ्या घरमालकांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. वरच्या खोल्यांची किल्ली त्यांच्या हातात होती, माझं सामान अजून टेम्पोत होतं, आणि नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत त्यांनी माझी स्कूटी धरून वीतभर पुढे ओढली. मग गाडी आणि भिंत यांच्या मधून स्वतःचा हात फिरवून पाहिला. कुठे अडकत नाही अशी खात्री झाली, तेव्हा कुठे किल्ली दिली.

मी वणीची, दिग्रसच्या शाळेत शिकवायला आलेली. धुरा म्हणजे काय हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. दोन वावरांच्या मधला न पेरलेला पट्टा, ज्याला बाकीचा महाराष्ट्र बांध म्हणतो. पण धुरा वावरात असतो एवढंच मला ठाऊक होतं. तो घरात, ताटात आणि बोलण्यातही असू शकतो, हे मला त्या घरात राहून कळलं.

मी त्यांना काका म्हणायचे. ते जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते. उभी हयात जिल्ह्यातली वावरं मोजण्यात गेलेली. दिग्रस, दारव्हा, पार तिकडे झरी जामणीच्या जंगलातल्या गावांपर्यंत. जिथे मोजणी तिथे भांडण असायचंच. भाऊ भावाशी बोलत नाही, चुलता पुतण्यावर धावून जातो, आणि मधे हे आपले नकाशा घेऊन उभे. इतकी भांडणं पाहून त्यांनी जो काही निष्कर्ष काढला होता, तो ते कुणालाही, कधीही ऐकवत.

"भांडन जमिनीचं नसते मॅडम. भांडन धुऱ्याचं असते. धुरा रुंद असला का दोघं भाऊ त्याच्यावर बसून भाकर खातेत. बारीक झाला का कुऱ्हाडी काढतेत."

हे तत्त्व त्यांनी नोकरीबरोबर सोडून दिलं असतं तर प्रश्न नव्हता. ते त्यांनी घरी आणलं. त्या घरातलं एकही कपाट भिंतीला लागलेलं नव्हतं. एकही डबा दुसऱ्या डब्याला टेकत नव्हता. देव्हाऱ्यातले देवसुद्धा सुटे सुटे बसलेले. सकाळी काकू पूजा करताना मुद्दाम सगळ्यांना दाटीवाटीनं जवळ बसवायच्या आणि संध्याकाळी दिवा लावताना काका त्यांना परत आपापल्या जागी सरकवायचे. त्या देवांना दिवसातून दोनदा बदली होती. ताटात वरण भाताला लागलेलं त्यांना चालायचं नाही. भात इकडे, वरणाची वाटी तिकडे, ठेचा पार काठावर, आणि एका घासात एकच पदार्थ. एसटीत शेजारच्या माणसाचा खांदा लागला की सरळ उठून उभे राहायचे. यवतमाळपर्यंत उभे. कंडक्टर म्हणायचा, "काकाजी, जागा आहे ना, बसा." काका म्हणायचे, "जागा आहे, धुरा नाई."

बोलण्यातला धुरा सगळ्यात कठीण. तुम्ही काही विचारलं की ते लगेच उत्तर देत नसत. तुमचं वाक्य संपायचं, मग एक मोकळी जागा, मग त्यांचं वाक्य सुरू व्हायचं. समोरासमोर हे निभून जायचं, पण फोनवर पंचाईत. नागपूरला असलेली त्यांची मुलगीसुद्धा 'हॅलो, हॅलो, बाबा, आवाज येतोय का' म्हणून फोन ठेवून द्यायची आणि पुन्हा लावायची. मला पहिल्या पहिल्यांदा वाटायचं, यांना माझा राग आलाय. नंतर मी त्या जागेत चहाचा एक घोट घ्यायला शिकले.

ओसरीत शिरलं की समोरच्या भिंतीवर एक लाकडी फळा टांगलेला दिसायचा. पूर्वी मोजणीला जाताना असा सपाट फळा तिपाईवर ठेवून, त्यावर कागद लावून, वावरातच नकाशा काढायचे. पुढे यंत्रं आली, असले फळे भंगारात निघाले, तेव्हा काकांनी आपला फळा रीतसर मागून घरी आणला. जुनं सागवान, उन्हातान्हात हिंडून हिंडून काळसर झालेलं, आणि कागदाच्या टाचण्या टोचून टोचून अंगभर बारीक भोकं पडलेली. त्याला कुणी हात लावलेला काकांना खपत नसे. स्वतः पुसायचे, आणि पुसून झाल्यावर मागे दोन बोटं घालून तो भिंतीला लागत नाही ना ते बघायचे.

"सासूनं मले दोन नंदा सांगतल्या होत्या," काकू म्हणायच्या. "सवत आहे हे नव्हतं सांगतलं."

काकू म्हणजे काकांच्या अगदी उलट. येता-जाता पाठीवर हात ठेवणार, पदरानं माझ्या कपाळावरचा घाम पुसणार, बोलता बोलता गुडघ्यावर थाप मारणार. त्यांचं माहेर बोरी अरबचं. आयुष्यभर स्वयंपाक, सणवार, येणंजाणं यात गेलं, आणि मग म्हातारपणी एकदम त्या चित्रं काढायला लागल्या. झालं असं की नात सुट्टीत रंग आणि कॅनव्हास घेऊन आली आणि परत जाताना विसरून गेली. काकूंनी ते 'वाया नको जायला' म्हणून उघडले. त्यानंतर मुलगीच नागपूरहून कॅनव्हास पाठवायला लागली. तयार ताणलेले, लाकडी सांगाड्यावर बसवलेले, बोटभर जाड.

काकू फक्त बोरी अरब काढायच्या. लहानपणचं. बाजार, विहीर, वडिलांचं खळं. आणि त्यांची एक खोड होती. चित्राच्या मध्यावर त्या काहीतरी साधंसुधं काढायच्या, आणि जे खरं सांगायचं ते नेऊन ठेवायच्या एकदम काठावर. कधी कधी तर काठावरूनही पुढे, कॅनव्हासच्या जाडीवर, जिथे कुणी रंगच लावत नाही.

मी एकदा विचारलं, "काकू, ही विहीर मधे का नाही काढली?"

"मधात काय, मधातलं सगळ्यायलेच दिसते," त्या म्हणाल्या. "आपल्याले जे दाखवाचं ते काठावर ठेवाव. ज्याले पाहाचं तो बराबर पाहाते."

त्यांचे ब्रश एका काचेच्या बरणीत असायचे. बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत. दिवसभरात तिच्यातल्या पाण्याला कोणकोणते रंग चढलेत ते पाहून मी शाळेतून येताना ओळखायचे, आज काकूंनी काय काढलं.

काका या सगळ्याबद्दल काय म्हणायचे? काहीच नाही. चित्र चांगलं झालं असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. फक्त भिंतीशी टेकवून ठेवलेल्या प्रत्येक चित्रामागे ते लाकडाचा एक लहान तुकडा ठेवून द्यायचे, धुऱ्यापुरती.

त्या वर्षी उन्हाळ्यात काकूंनी तान्ह्या पोळ्याचं चित्र काढलं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा पोळा भरतो. लाकडाचे बैल, पायाला चाकं, गळ्यात दोरी. पोरं ते सजवून ओढत आणतात, तोरणाखाली रांगेनं उभी राहतात आणि मग घरोघर जाऊन खाऊ गोळा करतात. चित्रात ते सगळं होतं. तोरण, रांग, नव्या कपड्यातली पोरं. आणि अगदी उजव्या काठावर, रांगेच्या बाहेर, फ्रॉक घातलेली एक मुलगी. तिच्या बैलाला तीनच चाकं. बैलाची दोरी तिच्या हातातून निघून कॅनव्हासच्या जाडीवर वळलेली, कारण बैल मागे राहिलाय आणि ती त्याला ओढतेय. पूर्ण बैल त्या जाडीवरच काढलेला होता.

"माह्या भावाचा मोडका बैल होता," काकू ब्रश धुता धुता म्हणाल्या. "पोरीले कोन नवा घेऊन देते तवा? रांगेत घेत नव्हते मले. म्हन्त, तीन चाकाचा बैल रांगेत कसा उभा राहीन. पन मी गेलती. काठावून का होईना, गेलती."

हे मला त्यांनी सांगितलं, काकांना नाही. काकांना सांगायची पद्धतच नव्हती बहुधा त्या घरात. पुढचा घोटाळा त्यातून झाला.

काकू भाचीच्या लग्नाला बोरी अरबला गेल्या होत्या. काकांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी ते चित्र उचललं आणि बाजारातल्या फोटो फ्रेमवाल्याकडे नेलं. चांगली रुंद, सोनेरी, वेलबुट्टीची फ्रेम निवडली. दुकानदार म्हणाला, "काठ थोडा दबतेच काकाजी, त्याशिवाय फ्रेम चित्राले धरन कशी?" काका हो म्हणाले. फ्रेम करून आणली, मधल्या खोलीत लावली, आणि काकू आल्या त्या दिवशी ते ओसरीत नुसते येरझारा घालत होते. त्यांना मी इतकं उतावीळ त्याआधी पाहिलं नव्हतं.

काकू आत आल्या. हातातली पिशवी खाली न ठेवता चित्रासमोर उभ्या राहिल्या.

"चांगली आहे," म्हणाल्या, आणि पाणी प्यायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर खिडकीतली बरणी धुऊन लख्ख होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्यात मेथीदाणा भरलेला. रंगाचा डबा कपाटावर गेला. काकू कुरड्या घालायला लागल्या, मग पापड, मग लोणचं. हसणं-बोलणं चालू होतं, पाठीवर हात ठेवणं चालू होतं, पण चित्र नाही. मी एकदोनदा विषय काढला तर म्हणाल्या, "झालं ना बाई काढून. आता कायले?" मला फार वाईट वाटलं. त्यांच्या वागण्यात कुठे राग नव्हता, त्यामुळे तर जास्तच.

काकांच्या लक्षात यायला पाऊस सुरू व्हावा लागला. एका रविवारी ते जिना चढून वर आले, आजवर कधी न आलेले, आणि दारापासून अंतर ठेवून उभे राहिले.

"हिनं रंग काहून बंद केले, मॅडम?"

मी म्हटलं, "काका, त्या चित्राचा उजवा काठ आठवून पाहा. तिथं एक मुलगी होती. तीन चाकांचा बैल ओढणारी. काकूच होत्या त्या."

ते नेहमीसारखे थांबले. पण या वेळी ती मोकळी जागा संपलीच नाही. ते तसेच खाली गेले.

थोड्या वेळानं मी खाली डोकावले तर काका जमिनीवर बसले होते. सोनेरी फ्रेम उघडून बाजूला पडलेली, चित्र मांडीवर. मुलगी शाबूत होती, पण जाडीवरची दोरी फ्रेमच्या आत घासून पुसली गेली होती, आणि बैलाच्या पाठीवर एक पांढरा ओरखडा.

"एक पोट्टी दाबल्या गेली, मॅडम," ते म्हणाले. "मी जलमभर लोकायचं अतिक्रमण काढलं. अन माह्याच घरात मीच केलं."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "राहू द्या हो आता," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. बरणीत मेथीदाणा तसाच होता.

त्या आठवड्यात मी काकांना फोनवर एक व्हिडिओ दाखवला. चित्राला अशीही एक चौकट करतात की जी त्याच्या तोंडाला कुठेच लागत नाही. खाली एक आडवी पट्टी, तिच्या बाहेरच्या कडेला काटकोनात उभी पट्टी. अशा चार बाजू जोडल्या की उथळ पेटीसारखं होतं. चित्र त्यात ठेवायचं, पाठीमागून स्क्रू घ्यायचे, आणि चारी बाजूंनी चित्र आणि उभ्या पट्टीच्या मधे मोकळी फट सोडायची. आतून काळा रंग दिला की चित्र अधांतरी तरंगल्यासारखं दिसतं. काठ झाकला जात नाही, जाडीही दिसते.

काकांनी तो व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहिला. आवाज बंद करून पाहिला, कारण तो माणूस मधे मधे फार बोलत होता. मग फोन माझ्या हातात देत म्हणाले, "ह्या माणसाले धुरा समजते." मी त्यांच्या तोंडून ऐकलेली ही पहिली स्तुती.

आता तान्ह्या पोळ्याच्या आत ही चौकट व्हायलाच पाहिजे असं त्यांनी ठरवलं. सुताराकडे गेले तर त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. सगळीकडे लाकडी बैल. कुणाला शिंग बसवायचं, कुणाला चाक. सुतार म्हणाला, "पोळा झाल्यावर या काकाजी." आरागिरणीवर गेले तर तिथलं लाकूड ओलं. पावसाळ्यात ओल्या लाकडाची चौकट करणं म्हणजे नंतर तिला आपल्या मनानं वाकायची परवानगी देणं. काका हात हलवत परत आले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत जायला निघाले आणि ओसरीत थबकले. भिंतीवर दोन खिळे होते. फळा नव्हता.

तो मागच्या अंगणात दोन स्टुलांवर आडवा ठेवलेला होता आणि काका त्याच्यावर पेन्सिलीनं रेघा मारत होते. हातात करवत. करवतीचा पहिला आवाज आला तेव्हा काकू स्वयंपाकघराच्या खिडकीत होत्या. त्यांनी पाहिलं आणि लगेच कढईत काहीतरी ढवळायला लागल्या. त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं, आणि काका निमूट जेवले.

मग रोज संध्याकाळी मागच्या अंगणात काम चालायचं. पट्ट्या कापल्या, रंधा मारला. कोपरे तिरपे कापून एकमेकांना जोडायचे म्हणून त्यांनी आपला जुना कोनमापक काढला. उभ्या पट्ट्या त्यांनी खिळे न मारता बाहेरून स्क्रूनं बसवल्या. का, तर "पक्कं कायलेच करू नये एकदम, मॅडम. हरकत घ्याले वाव ठेवाव लागते." मोजणीवर हरकत घ्यायची सोय असते, तशी. चारी बाजूंची फट सारखी यावी म्हणून ते जिनिंगमधून कापसाच्या गाठी बांधायची जुनी लोखंडी पट्टी घेऊन आले आणि तिचे सारखे तुकडे एकावर एक ठेवून त्यांनी धुऱ्याचं माप तयार केलं. काळा रंग मी पुरवला, आमच्या शाळेतले फळे रंगवून उरलेला. तो आतून लावून झाल्यावर काका मागे सरकून म्हणाले, "बराबर. धुरा काळ्या मातीचाच पाहिजे."

इतके दिवस काकू अंगणात आल्या नव्हत्या. पण त्यांच्या खिडकीतून येणारे आवाज पाहता त्या एकच कढई फार वेळ घासत होत्या.

पोळ्याच्या दिवशी दुपारी चित्र बसवायचं ठरलं. बाहेर बैल मिरवत चालले होते, घुंगरांचा आवाज येत होता. काकांनी चौकट ओट्यावर ठेवली, मला चित्राची एक बाजू धरायला लावली, आणि आम्ही ते हळूच आत उतरवलं. चित्र बसलं. पण फट बारीक आली. लोखंडी तुकड्यांची चळत त्यात जाईना. काकांनी अर्धे तुकडे काढले, तेव्हा ती गेली. बरोबर अर्धा धुरा. एवढ्याशा जागेत जाडीवरचा बैल दिसतही नव्हता, आणि चित्र जरा हललं असतं तर उरलेला रंगही घासला असता.

काका खाली बसले. कागद काढून आकडे पाहिले. मग कपाळाला हात लावला.

त्यांची चूक अशी होती. नकाशावर दोन वावरांच्या मधली जी रेघ असते, ती धुऱ्याच्या मध्यातून जाते. अर्धा धुरा तुमचा, अर्धा शेजाऱ्याचा. उभी नोकरी त्यांनी प्रत्येक मालकाच्या बाजूला अर्धाच धुरा धरला होता. चित्राचंही त्यांनी तेच केलं. प्रत्येक बाजूला अर्धा धुरा धरून माप काढलं, आणि उरलेला अर्धा शेजाऱ्यासाठी सोडला. इथे शेजारी कुणी नव्हता. दुसऱ्या कुठल्या माणसानं ही चूक केली असती असं मला वाटत नाही. मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते दाबलं. कारण फळा संपला होता. नवीन चौकट करायला त्यातलं एक वीतभर लाकूड उरलं नव्हतं.

तेव्हा काकू बाहेर आल्या. पदराला हात पुसत. त्यांनी चित्र पाहिलं, फट पाहिली, काकांकडे पाहिलं.

"अवो," त्या म्हणाल्या, "मी त्या कपड्याले आतून ओढून घेतो. चित्रामागचं लाकूड थोडं बारीक करा, काठ थोडा मांगं जाईन. जाऊ द्या. एवढं काय."

काका थांबले. त्यांच्या बोलण्यातली ती मोकळी जागा आली. घुंगरू वाजत एक जोडी रस्त्यानं गेली.

"नाई," ते म्हणाले. "एकदा गेली पोट्टी. आता चित्रातलं काई जानार नाई. आता जे द्याचं ते चौकट देईन."

त्यांनी स्क्रू काढले. उभ्या पट्ट्या सोडवल्या. एकेक पट्टी शिकंज्यात धरून, आतल्या बाजूनं रंधा मारायला सुरुवात केली. बाहेरचं माप तेच, कोपरे तेच. फक्त पट्टी आतून पातळ होत चालली. आधी काळा रंग निघाला, मग खालचं सागवान. टाचण्यांची भोकं असलेल्या लांब लांब ढलप्या वळून त्यांच्या पायाशी पडत होत्या. काकू स्टूल ओढून शेजारी बसल्या. अगदी जवळ. रंधा मागे आला की काकांचं कोपर त्यांना लागत होतं, आणि काकांनी स्टूल सरकवायला सांगितलं नाही.

"आवडता होता तुमाले फळा," काकू म्हणाल्या.

"होता," काका म्हणाले. रंधा पुढे गेला, मागे आला. "मले सांगाचं होतं ना वो तू. तीन चाकाच्या बैलाचं."

"तुमी इचारलं नाई."

"हो. नाई इचारलं."

अंधार पडायच्या आत पुन्हा काळा रंग लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी, तान्ह्या पोळ्याची पोरं यायच्या आधी, चित्र परत आत बसवलं. या वेळी लोखंडी तुकड्यांची पूर्ण चळत चारी बाजूंनी गेली. मागून स्क्रू घेतले, तुकडे काढले, आणि काकांनी चौकट उभी केली. पट्ट्या इतक्या बारीक झाल्या होत्या की चौकट आहे की नुसती पेन्सिलीची रेघ, असं वाटावं. मधे काळी फट. आणि तिच्यात तरंगणारं तोरण, रांग, पोरं, आणि काठावर ती मुलगी, पूर्ण. जरा बाजूला सरकलं की तिचा बैलही दिसत होता.

ओसरीतल्या दोन खिळ्यांवर ते चित्र अगदी बरोबर बसलं. अर्थात मागे दोन बोटं सोडून.

काकू कितीतरी वेळ बाजूनं पाहत होत्या. मग म्हणाल्या, "दोरी पुसल्या गेली आहे. बैल सुटल्यावानी दिसते. थांबा."

त्या आत गेल्या. आम्हाला दोघांना खण्णकन ताटाचा आवाज आला, मग दाणे ओतल्याचा. बरणीतला मेथीदाणा ताटात गेला होता. काकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि चष्मा पुसायला काढला.

नंतर दाराशी पोरं आली, आपापले बैल घेऊन. काकूंच्या हाताला तपकिरी रंग होता, त्याच हातानं त्यांनी सगळ्यांना लाडू दिले.

त्यानंतर काकू थांबल्या नाहीत. काकांनी प्रत्येक चित्राला चौकट केली; लाकूड उन्हाळ्यातच आणून सुकवून ठेवायचे, आणि माप काढताना कागदाच्या वर मोठ्या अक्षरात 'पूर्ण धुरा' असं लिहायचे. देव मात्र अजून सकाळी जवळ यायचे आणि संध्याकाळी लांब जायचे. माणूस काही एका चौकटीनं बदलत नाही, आणि खरं सांगायचं तर ते बदलले असते तर मलाच करमलं नसतं.

यंदा माझी यवतमाळला बदली झाली. निघताना काकूंनी एक बांधलेलं चित्र माझ्या हातात ठेवलं. "तिथं गेल्यावर उघडजो," म्हणाल्या आणि पाठीवर हात ठेवला. काकांनी टेम्पोत सामान आणि चित्र यांच्या मधे एक उशी ठेवली.

नव्या घरी मी ते भिंतीवर लावलं. दिग्रसचंच अंगण होतं. मधे माझी स्कूटी, तुळस, फाटकातून आत येणारी मी, शाळेची पिशवी खांद्यावर. मला फार आवडलं. पण काकूंना ओळखत असल्यामुळे मी काठ बघायला गेले. डावा काठ, कोरा. वर आकाश. मग उजवीकडे सरकून तिरकं पाहिलं, आणि तिथे, कॅनव्हासच्या जाडीवर, फटीच्या आत, काका उभे होते. करंगळीएवढे. हातात रंधा. समोरून पाहणाऱ्या कुणालाही ते कधी दिसणार नाहीत.

आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या बाजूची फट इतर तिन्ही बाजूंपेक्षा रुंद आहे. अंगठा जाईल एवढी. जो माणूस केसाएवढा फरक खपवून घेत नाही, त्यानं चौकट करताना ते चित्र मुद्दाम डावीकडे सरकवलं होतं.

मी लगेच फोन लावला.

"काका, चित्र लावलं. पण उजवीकडचा धुरा जास्त आलाय."

मी थांबले. आता मला थांबता येतं.

"मोजनी चुकली असंन," काका म्हणाले.

आणि फोनच्या अगदी जवळून, काकांच्या खांद्याला खांदा लावून बसल्याशिवाय येणार नाही इतक्या जवळून, काकू हसल्या.